शेपूट येईपर्यंत

४ फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
ठमीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र केव्हाचं येऊन पडलंय आणि मी उत्तर आज लिहिते आहे, म्हणून आधी कान पकडते. दुकानात नव्या फ्रेमांचे खोके आले होते आणि मालकीणबाई आजारी, त्यामुळे चष्मे लावणं, बसवणं आणि विकणं सगळं माझ्या एकटीवर होतं.

घरात आम्ही दोघं बापलेक ठीक. जिन्याखालची खोली अण्णांनी शेवटी आवरली, म्हणजे तिथला पसारा पोटमाळ्यावर नेला. दुकान बंद करून इतकी वर्षं झाली, पण किल्ल्या घासायचं यंत्र मात्र अजून तिथेच आहे. गल्लीत कुणाचं कुलूप अडलं की आमच्याच दाराची कडी वाजते.

पत्र लिहिण्याचं पहिलं कारण मंडळ. येत्या मे महिन्यात आपल्या सावकाश स्कूटर मंडळाला पन्नास वर्षं पूर्ण होतात. मोठी फेरी आहे आणि एक स्मरणिका काढायची आहे. मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ते ठरलं तेव्हा मी चहा आणायला आत गेले होते. अण्णांना विचारलं तर ते प्रत्येक गोष्ट तीन तऱ्हांनी सांगतात आणि तिन्ही खऱ्या आहेत म्हणतात. तुम्ही मंडळाचे पहिले चिटणीस. तेव्हा नाव कसं पडलं, कोपऱ्याचा नियम कुणी केला आणि झंझावातवाले का फुटले, हे सविस्तर लिहून पाठवा. आता निम्मी मंडळी नवी आहेत, त्यांतल्या काहींच्या स्कूटर तर बॅटरीवरच्या, आवाजसुद्धा न करणाऱ्या. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

दुसरं कारण अण्णांपासून लपवून लिहिते आहे. काका, अण्णांना नीट दिसत नाही.

दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरते, आणि घरचाच माणूस माझ्या खुर्चीत बसायला तयार नाही. गेल्या महिन्यात कसंबसं बसवलं. एक डोळा झाकून त्यांनी भिंतीवरचा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला, अगदी तळाच्या बारीक ओळीसकट. अक्षर न अक्षर बरोबर. फक्त तो तक्ता मी आदल्याच आठवड्यात बदलला होता! मला न्यायला येऊन बाकावर बसायचे, तेव्हा जुना त्यांनी कधीतरी पाठ केलेला.  आधी हसू आलं आणि मग भीतीच वाटली.

मग गेल्या रविवारची फेरी. पाण्याच्या टाकीचा कोपरा माझ्याकडे होता. स्टँड लावून निळा कोट घालून मी वळणावर मागच्यांना वाट दाखवत उभी होते, सगळे एकेक करून वळून गेले. शेवटी नेहमीप्रमाणे अण्णा, मागे लाल फडकं बांधलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे हो, काका! मी हात वर केला आणि ते जराही वेग कमी न करता न वळता पुढे निघून गेले. मी आपली उभीच. बऱ्याच वेळाने दातांच्या डॉक्टरीणबाई, त्या पुढे असतात, शोधत मागे आल्या आणि मला घेऊन गेल्या. घरी येते तो अण्णा बूट काढून बसलेले. म्हणाले, कार्ब्युरेटर कुरकुर करत होता म्हणून हमरस्त्याने परत आलो. त्या हमरस्त्यावर रेल्वेचं फाटक आहे, तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटरची किल्ली लपवली. संध्याकाळी स्कूटर अंगणात नव्हती. ज्या माणसाने जन्मभर किल्ल्या केल्या त्याच्यापासून किल्ली लपवायची, म्हणजे माझीही कमालच. 

मंडळात कुणी बोलणार नाही. सगळ्यांच्या मागे राहायचा मान, शेपूट, कुणी मागायची नसते, ही आपली रीत. आणि मी बोलायला म्हणून जाते ती चहा हवा का विचारून परत येते. फेरीच्या रविवारी हा माणूस पहाटेपासून शीळ घालत असतो, बाकीचे दिवस खिडकीपाशी बसून पुढच्या फेरीची वाट बघतो. ते मी काढून घेऊ? आणि नाही काढून घेतलं तर एक दिवस फाटकाशी काय होईल? मला झोप लागत नाही, काका. ते ऐकतात ते एकट्या तुमचं. तुम्ही लिहा. फक्त माझं नाव येऊ देऊ नका.

कळावे. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुमची,
ठमी
(केस पिकले तरी ठमीच!)


१५ फेब्रुवारी

चि. ठमी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अक्षर वेडंवाकडं दिसेल, पेन बदलायला झालं आहे. मी मजेत, माझी स्कूटरही मजेत. खिडकीतली फुलझाडं यंदा थंडीने वठली, पण मुळं जिवंत असावीत.

आधी इतिहास, कारण तो सोपा आहे. मंडळाचं नाव ठरलं होतं झंझावात. सुरुवातीला आम्ही मोजकेच होतो. अण्णा, मी, एक दूधवाला, एक न्हावी, शाळेतल्या भूगोलाच्या बाई आणि आणखी एकदोघं. स्कूटर सगळ्यांच्या जुन्या, पण नाव मात्र झंझावात. अण्णाच्या दुकानावर पाटी रंगवायला पेंटर बोलावला. तो शिडीवर चढून ब्रश बुडवून बसला आणि वरूनच विचारता झाला की काय लिहू. नेमकी त्याच क्षणी शिडी सरकली आणि अण्णा खालून जिवाच्या आकांताने ओरडला, सावकाश! पेंटरने मान डोलावली आणि ठसठशीत अक्षरांत सावकाश लिहून मोकळा झाला. पुढे स्कूटर मंडळ हे शब्द कागदावर होतेच. आम्ही कपाळाला हात लावला. पुसायचं म्हटलं तर तैलरंग. पेंटर म्हणाला की मला सांगितलं ते मी लिहिलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

पण नाव अंगी लागलं. पाटी वाचून ज्या स्कूटरी पळू शकत नव्हत्या त्यांचे मालक येऊ लागले. तेव्हा ठरलं की वेग सगळ्यांत मागच्याचा. तो मागचा म्हणजे शेपूट. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही, कुणी पडलं, कुणाचं काही तुटलं तर ते त्याने बघायचं. आणि दर वळणावर एकाने थांबून कोपरा धरायचा, म्हणजे मागचे चुकणार नाहीत. शेपूट दिसली की त्याने निघायचं. काही तरुण मंडळींना हे सोसेना. ते फुटले आणि त्यांनी झंझावात नाव घेऊन वेगळा संसार थाटला. कोपऱ्यावर उभं राहायला त्यांच्यात कुणी तयार होईना, त्यामुळे पहिल्याच फेरीत चौघे चार गावांना पोचले. वर्षाच्या आत मुकाट परत आले. हे जरा सौम्य करून लिही, त्यातले एक आता आजोबा झालेत.

आता कोपऱ्याचा नियम. रीत आधीची होती, पण तिचा लेखी नियम मी केला, आणि रागाने केला. एकदा बेकरीचा कोपरा माझ्याकडे होता. सगळे गेले, शेपूट येईना. शेपूट अण्णा. दुपार कलली. बेकरीवाल्याने मला बसायला स्टूल दिलं, मग एक पाव दिला, मग शेवटी दुकानाचं शटर ओढून तोही घरी गेला. मी उभाच. दिवेलागणीला अण्णा आला तो एकटा नाही. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या स्कूटरची क्लच केबल तुटली होती म्हणे, आणि ती दुरुस्त करायला त्याला एवढा वेळ लागला. कुलूप बघता बघता उघडणारा माणूस! मला म्हणाला काय, तर सावकाश आलो. त्या बाई म्हणजे तुझी आई. शेपटीचं लाल फडकं तिनेच पुढे कोटाच्या अस्तरातून कापून दिलं. पुढच्या बैठकीत मी ठराव मांडला, शेपूट आल्याशिवाय कोपरा सुटत नाही, आणि सगळे कोपरे सोडवल्याशिवाय शेपटीने घरी जायचं नाही. अण्णाने लाजत हात वर केला.

तुझ्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. अण्णाला मी लिहीन, पण त्याला काही पटवून देणं मला उभ्या जन्मात जमलेलं नाही. जरा दम धर. फाटकाकडे एकटा जाऊ देऊ नकोस एवढं बघ.

बाकी सर्व ठीक. पत्रास उत्तर धाडावे, माया आहेच.

तुझा,
काका


२२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ठमीला आलं, मला नाही. त्याबद्दल मी रुसलो आहे, हे आधी नोंदवतो. तिने मला इतिहास वाचून दाखवला. तू खोटं कधी बोलत नाहीस, पण सोयीचं तेवढं गाळतोस. शिडी सरकली, असं तू लिहिलंस. शिडी धरून कोण उभं होतं ते लिहायचं राहिलं. शिडी तू धरली होतीस, आणि भूगोलाच्या बाई पलीकडून चालल्या होत्या. मंडळाचं नाव तुझ्यामुळे पडलं, मी फक्त ओरडलो.

ठमी म्हणाली की काकांचं अक्षर बिघडलंय. मी कागद हातात घेतला आणि बोटांनी चाचपला. रेघा दाबल्या गेल्यात त्या थरथरल्यात, शाईचा दोष नव्हे. पेन काय बदलतोस, काय झालंय ते सांग.

आता तू म्हणशील, बोटांनी का चाचपलास. म्हणून हे पत्र. अक्षर मोठं आहे आणि ओळी डोंगर चढतात त्याचं कारणही तेच. ठमी कामावर गेली आहे तोवर लिहून घेतो.

माझे डोळे गेले, धाकट्या. सगळे नाही. गेल्या महिन्यात बसने शेजारच्या गावी जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आलो. घरी सांगितलं की कुलुपाच्या स्प्रिंगा आणायला जातो. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू नाही, डोळ्याचा मागचा पडदाच मधोमध विरला आहे, त्याला टाका घालता येत नाही. कडा शाबूत आहेत आणि राहतील. म्हणजे कसं, तर जे बघायला जावं तेवढंच पुसलं जातं. कपाचा कान दिसतो, कप दिसत नाही. माणसाचे खांदे दिसतात आणि वर तोंडाच्या जागी धुकं. स्कूटर चालवू नका म्हणाले. मी बरं म्हणालो आणि बसमध्ये रडलो. शेजारची बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली.

टाकीच्या कोपऱ्यावर माझी पोर उभी होती आणि मी तिला टाकून गेलो. फाटकाचे खडखडे रूळ चाकाखाली आले तेव्हा कळलं की वळण मागे राहिलं. परत जायचं धाडस झालं नाही. घरी जाऊन कार्ब्युरेटरची थाप मारली. तिला ती खरी वाटली, निदान तसं दाखवते तरी. ती किल्ली लपवते, मी नवी करतो. किल्ली करायला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात. घरात आता इतक्या किल्ल्या झाल्यात की कुठली कुठे ठेवली ते मलाच आठवत नाही.

एवढंच मागतो. मे महिन्याची फेरी मला शेपूट म्हणून करू दे. पन्नास वर्षं शेवटी राहिलो, शेवट अर्ध्यावर नको. त्यानंतर स्कूटर झाकून ठेवीन, शब्द देतो. पण तोवर ठमीला सांगू नकोस. तिला कळलं की ती मला खुर्चीत बसवील आणि पांघरूण घालील.

कळावे. रुसलो असलो तरी लोभ शाबूत आहे.

तुझा,
अण्णा


५ मार्च

ती. स्व. अण्णास,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

शिडी मीच धरली होती. बाईंनी त्या दिवशी हिरवा स्वेटर घातला होता. झालं समाधान?

तुझं पत्र आल्यापासून चार ओळी लिहितो आणि फाडतो. शेवटी ठरवलं की तुला उपदेश करायचा नाही, माझंच सांगायचं. मी ठमीला लिहिलं की माझी स्कूटर मजेत आहे. ती खरोखर मजेत आहे, फक्त खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे आहे. गेल्या वर्षीच दिली. तुला वर्षभर मी नदीकाठच्या फेऱ्यांची जी वर्णनं पाठवली ती सगळी खिडकीत बसून लिहिली.

हात थरथरतात. एका सकाळी स्कूटरपाशी उभा राहिलो आणि किल्ली भोकात जाईना. तूच करून दिलेली किल्ली, लोण्यात सुरी जावी तशी जायची. मागे आमच्या इथला दूधवाला थांबला होता, त्याने माझ्या हातातून घेतली, लावून दिली आणि आपली किटली उचलून निघाला. त्या दिवशी मी चौकापर्यंत गेलो आणि परत आलो. नर्सबाई रविवारी स्कूटर सुरू केली की वर बघून हॉर्न वाजवतात, मी आवाज ऐकून सांगतो प्लग साफ करायला झालाय की नाही. ते बरं वाटतं. पण मे महिन्यात मी येणार नाही, ते आत्ताच सांगून ठेवतो. मंडळाचा पहिला चिटणीस बसमधून उतरून स्कूटर मंडळाच्या महोत्सवाला जाणार, हे माझ्याच्याने व्हायचं नाही.

ठमीला मी काही सांगणार नाही, तू निश्चिंत रहा; अक्षरंही मुद्दाम बोटभर मोठी काढली आहेत, म्हणजे तुला हे पत्र तिच्याकडून वाचून घ्यावं लागणार नाही. पण अण्णा, शेपटीचं काम म्हणजे बघणं. मला तुझी फार काळजी वाटते. तुझ्यापेक्षा जास्त त्या पोराटोरांची, जी तुझ्या पुढे असतील आणि मागे तू आहेस म्हणून निर्धास्त असतील.

थरथरत्या हातांचा नमस्कार, तो गोड मानून घे.

तुझा,
धाकटा


५ मार्च

चि. ठमी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

आज दोन पत्रं टाकतो आहे, एक अण्णाला, एक तुला. मधल्यामधे माझं भरीत झालं आहे. तू म्हणतेस त्याला सांगू नका, आणि आणखीही कुणी काही सांगू नका म्हणतं. माझ्या दोन्ही खिशांत दोन गुपितं, आणि हात कुठे घालावा कळत नाही. तेव्हा मी कुणाचंच काही फोडत नाही. फक्त चिटणीस या नात्याने एक शंका विचारतो.

टाकीच्या कोपऱ्यावरून तुला डॉक्टरीणबाईंनी नेलं, असं तू लिहिलंस. त्यांना तो अधिकार नाही. त्या पुढच्या, कोपरा सोडवते ती शेपूट. शेपूट आली का? तू लिहिलेलं मी पुन्हा काढून वाचलं. नाही आली. म्हणजे नियमाप्रमाणे तू अजून टाकीपाशीच उभी आहेस. घरी येऊन जेवलीस, झोपलीस, दुकानात गेलीस, तरी कोपरा सुटलेला नाही.

डोळ्यांबद्दल, किल्लीबद्दल, फाटकाबद्दल त्याला एक अक्षर बोलू नकोस. त्याने तो वाद घालायला कधीपासून तयारी करून ठेवली असणार. तू फक्त एवढंच सांग की मी अजून कोपऱ्यावर उभी आहे. एकदाच सांग आणि गप्प रहा. गप्प राहणं तुला जड जाईल, लहानपणापासून जातं, पण रहा.

माया आहेच, धीर मात्र तुझा तूच धर.

तुझा,
काका


१९ मार्च

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं केलं आणि आता पस्तावते आहे.

गुरुवारी संध्याकाळी अण्णा जिन्याखाली यंत्रापाशी बसले होते. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं की अण्णा, मी अजून टाकीच्या कोपऱ्यावर उभी आहे. त्यांनी यंत्र बंद केलं. चाक फिरायचं थांबेपर्यंत ते त्याच्याकडे तोंड करून बसले. मी जीभ चावून गप्प राहिले. मग ते उठले, माझ्या शेजारून वर गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. जेवतात, ताट उचलतात, आणि घरभर काहीतरी शोधत फिरतात. सगळ्या खणांतून हात फिरवून झाला. घड्याळ भिंतीवरून काढून मागे बघितलं. काल मी कामावरून आले तर पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसले होते, आणि आज सकाळी माझे पावसाळी बूट उलटे करून झटकत होते. विचारलं तर हाताने जा म्हणून खूण केली. काका, मला भीती वाटते. माझ्या बोलण्याने त्यांच्या डोक्यावर तर परिणाम झाला नाही ना? एवढी काय घाई होती मला! मे महिन्यापर्यंत थांबले असते, मागे मागे स्कूटर घेऊन राहिले असते, काही ना काही केलं असतं.

तुमच्यावर मी रागावले नाही. पण या पत्राला लगेच उत्तर लिहा, एकदा तरी मंडळाचं नाव विसरून.

कळावे. लोभ असू द्या, त्याची आत्ता गरज आहे.

तुमची,
ठमी


२७ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतो आहे आणि ठमी लिहिते आहे, म्हणून अक्षर सुबक दिसेल. तुझी दोन्ही गुपितं एकमेकांना भेटली, आता खिसे मोकळे कर. मध्येच ती लिहायची थांबते आणि नाक पुसते, त्याने ओळ कुठे डागाळली तर तो दोष लेखनिकाचा.

ठमीने तुला लिहिलं की मला वेड लागलं. किल्ल्या शोधत होतो रे. तिने कोपऱ्याचं सांगितलं तेव्हा छातीवर कुणीतरी हात ठेवावा तसं झालं. मी घरी येऊन बूट काढले आणि ही पोर तिकडे उभी! नियमाला हात वर करणारा मीच, आणि कोपरा न सोडवता घरात बसलो. ठरवलं की जायचं, पण हात झाडून जायचं. मी केलेली एकही किल्ली घरात राहता कामा नये, नाहीतर पुढच्याच आठवड्यात मोह होईल, मला मी ओळखतो. घड्याळामागे एक होती, पिठात एक, तिच्या बुटात एक. एक अजून सापडलेली नाही. कुठे गेली ते मी वर गेल्यावर तिच्या आईलाच विचारावं लागेल, शिवणाच्या पेटीची चावी ती तशीच हरवायची.

रविवारी सकाळी ठमीला म्हणालो, तू पुढे जाऊन उभी रहा. तिने विचारलं नाही, निळा कोट घातला आणि गेली. मी दंडाला लाल फडकं बांधलं आणि पायी निघालो. मंडळाच्या इतिहासात पायी आलेली शेपूट पहिलीच, हे स्मरणिकेत घालायला सांगितलंय. भिंतीच्या कडेने, मग झाडांच्या कडेने. कडा मला दिसतात, त्या धरून चालता येतं.

टाकीपाशी पोचलो, वळणाकडे बघितलं, आणि तिथे कुणी नाही. रिकामा रस्ता. मला वाटलं, थांबून थांबून कंटाळली आणि गेली. मग कुणास ठाऊक कसं, मी मान वळवून टाकीकडे बघितलं, आणि डोळ्याच्या कडेला ती उभी राहिली. निळा कोट, एक पाय तिरका, थेट आईसारखी. परत तिच्याकडे बघितलं तर गेली, टाकीकडे बघितलं तर आली. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी काय झालं. मी तिलाच शोधत होतो, म्हणून ती दिसली नाही.

टाकीकडे बघत बघतच मी तिच्यापाशी गेलो आणि कोपरा सुटला असं सांगितलं. फडकं सोडून तिच्या दंडाला बांधलं. गाठ पहिल्याच फटक्यात बसली. मग सगळ्या किल्ल्या तिच्या खिशात ओतल्या. ती रडली आणि मीही रडलो, आणि एक कुत्रा आमच्याकडे बघत बसला होता. शेपूट मागायची नसते, पण द्यायची असते हे मी इतकी वर्षं विसरलोच होतो.

आता मी तिच्या मागच्या सीटवर बसतो. तुझी पुतणी ब्रेक उशिरा मारते. (अजिबात नाही. लेखनिक.) मला वाटलं होतं मागे बसलो की मेल्याहून मेल्यासारखं होईल. तसं झालं नाही. पुढे कोणाची स्कूटर आहे ते मी आवाजावरून सांगतो, कोण मागे पडतंय तेही तिच्या आधी मला कळतं. बॅटरीवाल्यांचं मात्र काही कळत नाही. त्यांना मी शीळ घालत चला म्हटलंय, आणि घालतात बिचारे.

वाईट वाटत नाही असं समजू नकोस. काल अंगणात स्कूटरवर नुसता बसलो, हँडल धरून. फार वाईट वाटलं. मग जेवायला आत गेलो.

आता तुझ्याविषयी. तू येणार नाहीस असं लिहिलंस, कारण बसमधून उतरावं लागेल. मी काल मंडळातले सगळे जण मोजले. जुन्यातले जे आहेत ते सगळे येतात, अगदी झंझावातवाले आजोबासुद्धा. एकच जण मागे राहिला आहे. आणि आपल्यात जो सगळ्यांच्या मागे राहतो त्याला काय म्हणतात, ते तुला मी सांगायला नको.

तेव्हा फेरीच्या आदल्या दिवशी मी बसस्टँडचा कोपरा धरतो आहे. शेपूट आल्याशिवाय कोपरा सुटत नाही, नियम तुझाच आहे. तू आला नाहीस तर मी तिथेच उभा. तू त्या वेळी बेकरीपाशी दिवेलागणीपर्यंत उभा होतास, मला तर आता वाट बघण्यावाचून दुसरं कामच नाही. स्टूल घेऊन जाईन. पाव ठमी आणून देईल.

आणि बसमधून उतरशील तेव्हा मी भलतीकडे तोंड करून उभा दिसलो तर रुसू नकोस. तुलाच बघत असेन.

सावकाश ये, धाकट्या. पण ये.

तुझा,
अण्णा